गुप्त नास्तिकाची विरारयात्रा

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या साडेनऊ हजारांच्या आसपास लोकांनी आपण नास्तिक असल्याचं सांगितलं. म्हणजे राज्यातले सगळे जाहीर नास्तिक संध्याकाळच्या दोन विरार लोकलमध्ये मावतील. मी तिसऱ्या लोकलमधला. अलीकडेच नास्तिक झालोय आणि घरी अजून कुणाला पत्ता नाही.

तिसऱ्या लोकलमध्ये भजन चालतं. दाराशी लोंबकळायचं नसेल तर बुवांच्या शेजारी टाळ घेऊन बसावं. श्रद्धा होती तेव्हा माझा ताल हमखास चुकायचा. आता पकडले जाण्याच्या धास्तीनं एकही मात्रा चुकत नाही. बुवा परवा म्हणाले, "हल्ली तल्लीन होता राव!"

नवरात्रात कऱ्हाडची मावशी आली आणि जीवदानीला न्यायचं फर्मान सुटलं. डोंगरावर जायला हजाराहून जास्त पायऱ्या आहेत, रोप-वेही आहे. मी मोठ्या आशेनं तिकडे बोट दाखवलं.

"यंत्रानं गेलं तर पुण्य यंत्राला," मावशी म्हणाली.

पुढचं संकट पिशवीतून निघालं. तिला प्रत्येक पायरीला हळदकुंकू वाहायचं होतं आणि गुडघे तिचे दुखत होते. तेव्हा वाकायचं मी. अंगठा आणि अनामिका कुंकवात बुडवायची, पायरीला टेकवायची, सरळ व्हायचं, पुन्हा वाकायचं. मागून येणाऱ्या एका बाईंनी आपल्या मुलाला माझ्याकडे बोट करून काहीतरी सांगितलं. त्या पोराची नजर मी अजून विसरलेलो नाही. अर्ध्या वाटेवर घामानं कुंकू कोपरापर्यंत ओघळलं. एखादा खरा भक्त या वेळेपर्यंत लिंबूपाणी प्यायला बसला असता, पण चोराला बसून कसं चालेल?

वरून अर्नाळ्याचा समुद्र फार छान दिसतो. मावशीनं खण-नारळानं ओटी भरली, विडा ठेवला आणि माझ्या नावानं काहीतरी पुटपुटली. त्या क्षणी खरं सांगून टाकावं असं वाटलं, पण मागे एवढी रांग होती की तेवढीही सवड मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी स्वतःच्या तीर्थाला गेलो: नालासोपाऱ्याचा बुरूड राजाचा कोट. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी हा स्तूप खणला. आत दगडी पेटी सापडली आणि त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ साली भुईगावला सापडला. दोन्ही आता मुंबईच्या संग्रहालयात आहेत. आठव्यात राजा सांगतो की पूर्वीचे राजे मौजेच्या सहली काढायचे, मी धर्मयात्रा काढतो. नववा तर थेट माझ्याच घरचा. आजारपण, लग्न, बाळंतपण, प्रवास, लोक कशालाही विधी करतात आणि बायका तर नाना निरर्थक विधी करत बसतात, अशी त्याची कुरकुर आहे. आणि लगेच पुढे म्हणतो, विधी करावेत जरूर, पण त्यांचं फळ थोडं!

त्या 'जरूर'पाशी मला भरून आलं. कलिंग जिंकणारा माणूस, पण घर त्यालाही होतं. शिवाय स्वतःला म्हणवतो 'देवानांप्रिय'. लपून राहायचं तर असं.

तिथे नंदाखालचा एक जुना मित्र भेटला. रविवारची मिस्सा चुकवत नाही, म्हणून आमच्या घरी त्याचा दाखला देतात. हवापाण्याच्या गप्पा झाल्यावर त्यानं आजूबाजूला पाहून हळूच विचारलं, "तू... अजून मानतोस?" मीही आजूबाजूला पाहिलं. मग आम्ही दोघं इतके हसलो की रखवालदार उठून आला.

तेवढ्यात मावशीचा फोन.

"कुठं आहेस?"

"स्तूपावर."

"अगोबाई, बुद्धाच्या? मग माझ्या नावानं एक प्रदक्षिणा घाल."

"बरं," म्हटलं. मित्र म्हणाला, "चल, मीही येतो, एकट्यानं घातलीस तर वेड्यासारखा दिसशील." दोघांनी मिळून घातली. रखवालदारानं चप्पल काढायला लावली.