राजीनाम्याचं रिटर्न तिकीट

नगरच्या सावेडीला विमानतळ नाही. तरीही इंडिगो विमान कंपनीचे तेव्हाचे सीईओ पीटर एल्बर्स यांनी राजीनामा द्यावा की नाही, याचा निकाल डिसेंबरातल्या एका रविवारी सावेडी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर जवळजवळ लागला होता. जवळजवळ का, ते पुढे येईल.

विमानाशी आमची सोयरीक तशी लांबची. जिल्ह्यात काकडीला शिर्डीचा विमानतळ २०१७ पासून आहे, पण नगरकराला विमान म्हटलं की पुणं आठवतं, आणि पुणं म्हटलं की वाघोली. पहाटे घर सोडायचं, शिरूर-रांजणगाव मागं टाकायचं आणि वाघोलीत एखाद्या ट्रकच्या बुडाशी अडकून, विमान उशिरा सुटू दे म्हणून विशाल गणपतीला साकडं घालायचं, हा आमचा हवाई प्रवास. 'विमान दोन तास लेट' हे ऐकून नगरचा माणूस चिडत नाही, त्याच्या जिवात जीव येतो. पण डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात गणपतीनं आमचं साकडं जरा जास्तच मनावर घेतलेलं दिसतं. ५ तारखेला एकट्या इंडिगोची हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. हुबळीत एका रिसेप्शनचा हॉल सजला, पाहुणे आले, नवरा-नवरी मात्र भुवनेश्वरलाच अडकले. शेवटी स्टेजवरच्या खुर्च्यांत मुलीचे आईवडील बसले आणि जोडपं पडद्यावर. आहेराची पाकिटं पडद्याला चिकटवली की कसं, एवढंच काय ते बातमीत नव्हतं.

टपरीवर मास्तरांनी पेपरची घडी मांडीवर आपटली. "राजीनामा! दुसरं काही नाही. लालबहादूर शास्त्रींनी दिला होता, अरियालूरचा रेल्वे अपघात झाला तेव्हा. १९५६."

मेडिकलवाले म्हणाले, "मास्तर, तो माणूस हॉलंडचा. २०२२ मध्ये केएलएम सोडून इकडं आला. हे सोडेल, तिसरीकडं जाईल. त्याला काय फरक पडतोय? राजीनामा म्हणजे बदलीच ती."

इथं मला मेडिकलवाल्यांची बाजू घ्यावीशी वाटली. राजीनामा या वस्तूबद्दल महाराष्ट्राला कुणी शिकवायची गरज नाही. राजीनामे खिशात घेऊन फिरणारे मंत्री आपण अख्ख्या एका सरकारात पाहिले. खिसा फाटला नाही आणि राजीनामा पडला नाही. ज्यांचे पडले त्यांचेही बघा. मुंबई हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये विलासरावांनी मुख्यमंत्रिपद सोडलं, आर. आर. आबांनी गृहखातं सोडलं. पुढच्याच वर्षी विलासराव दिल्लीत केंद्रीय मंत्री आणि आबा पुन्हा त्याच गृहखात्यात. शास्त्रीजींची गोष्ट निराळी, ते खरंच रेल्वे मंत्रालयातून बाहेर पडले. पण तेसुद्धा १९५७ मध्ये वाहतूक आणि दळणवळण मंत्री म्हणून परत आलेच. आपल्याकडं राजीनाम्याचं तिकीट नेहमी रिटर्नच निघतं.

"मग नगरच्या माणसाचं उदाहरण घ्या की," मेडिकलवाल्यांनी आणखी एक पान काढलं. मधू दंडवते नगरमध्ये जन्मले, १९७७ ला रेल्वेमंत्री झाले. लोकांना त्यांचं काय आठवतं? सेकंड क्लासच्या लाकडी बाकावर त्यांनी दोन इंचाचा फोम टाकला. राजीनामे देऊन कुणाची पाठ वाचली असेल ते माहीत नाही, दोन इंच फोमनं मात्र लाखोंची वाचली.

मास्तर हटेनात. ते पेपर मोठ्यानं वाचू लागले. ४ डिसेंबरला सहा मोठ्या विमानतळांवर इंडिगोची वेळेवर सुटलेली विमानं साडेआठ टक्के.

"साडेआठ? ते अर्धं कुठं गेलं?" टपरीवाल्यानं विचारलं. त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

६ तारखेला विमान वाहतुकीची नियामक असलेल्या डीजीसीएनं एल्बर्स यांना कारणे दाखवा नोटीस दिली. उत्तराला चोवीस तास. कंपनीनं आणखी वेळ मागितला, आणखी चोवीस तास मिळाले. म्हणजे उशीर का झाला, याचं उत्तरही उशिरानंच आलं. त्या उत्तरात काय? तर एवढ्या मोठ्या कारभारात नेमकं कारण एवढ्यात सांगता येणार नाही. किरकोळ तांत्रिक बिघाड, हिवाळ्याचं बदललेलं वेळापत्रक, हवामान, गर्दी आणि वैमानिकांच्या ड्युटीचे नवे नियम, असं सगळं एकदम आलं. मास्तरांनी छत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. ते नुसतं म्हणाले, "वही घरी राहिली, लाईट गेली होती, पाहुणे आले होते, आणि गृहपाठ दिला होता हे मला कुणी सांगितलंच नाही."

या सगळ्यात कोपऱ्यात बसलेले कंडक्टरकाका काही बोलले नव्हते. एसटीतून रिटायर झाले तरी शर्टाचा वरचा खिसा ते अजून दोन बोटांनी चाचपतात, पूर्वी वेबिल असायचं तिथं. त्यांनी एवढंच विचारलं, "नियम काय आहे?"

मी वाचून दाखवलं. वैमानिकाला आठवड्याची सलग विश्रांती पूर्वी ३६ तास होती, ती ४८ झाली. रात्रीच्या ड्युटीत लँडिंग पूर्वी सहापर्यंत चालत, आता दोनच.

"कधी सांगितलं हे?"

"नियम जाहीर झाला जानेवारी २०२४ मध्ये. दुसरा टप्पा लागू झाला १ नोव्हेंबर २०२५ ला."

काकांनी बोटांवर महिने मोजले. बावीस झाले. "म्हंजी ड्रायव्हर झोपणार हे बावीस महिने आधी माहीत. तरी हिवाळ्याचं शेड्यूल लावताना गाड्या वाढवल्या आणि ड्रायव्हर तेवढेच ठेवले?" मुक्कामी गाडीवर आयुष्य गेलेला माणूस तो. पारावर गाडी लावायची, मागच्या सीटवर अंग टाकायचं, पहाटे साडेपाचला पुन्हा घंटी. कमी झोपलेला ड्रायव्हर घाटात काय करतो, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. "मग डेपो मॅनेजरला विचारा, शेड्यूलवर सही कुणाची?"

सहीचा प्रश्न बरोबर होता, पण सरकारला तो अवघड गेला असावा. त्यानं आधी परीक्षाच पुढं ढकलली: रात्रीच्या ड्युटीचे नियम इंडिगोपुरते १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत शिथिल केले. ज्यानं अभ्यास केला नाही त्याच्या सोयीनं पेपर. मग डीजीसीएनं स्वतःचेच चार फ्लाइट ऑपरेशन्स इन्स्पेक्टर कामावरून काढले. चेकिंगला बॅगेत दहा रुपये कमी निघाले तर कंडक्टरचं काय होतं, ते काकांना ठाऊक होतं; इथं चेकरच घरी गेलेला ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आमच्यात कसं," ते म्हणाले, "गाडी बंद पडली की कंडक्टर आधी खाली उतरतो. साहेब नाही, कंडक्टर. रस्त्यात उभा राहून मागच्या गाडीला हात करतो आणि म्हातारी-कोतारी आधी बसवतो. तिकीट तेच चालतं. शिव्या त्यालाच बसतात, पण माणूस समोर असला ना, की शिव्यांची धार जाते. ह्यांनी माफी कुठनं मागितली?"

"व्हिडिओवरून."

"मग शिव्या पण व्हिडिओतच."

मी म्हणालो, "काका, पण मागच्या गाडीला हात करायला मागची गाडी तर हवी. देशात विमानानं जाणाऱ्या दर तिघांतले जवळपास दोघं यांच्याच विमानात असतात. मागून येणारी गाडीही यांचीच, तीही बंद पडलेली. उरलेल्यांनी तर त्या आठवड्यात भाडं असं चढवलं, की सरकारला पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजारांची मर्यादा घालावी लागली." साडेसात हजारांत माळीवाडा स्टँडवरून पुण्याला किती वेळा जाऊन येता येईल, हा हिशेब टपरीवाल्यानं लगेच सुरू केला. एसटीची पहिली गाडी नगरहूनच पुण्याला सुटली होती, १ जून १९४८ ला. या रस्त्याच्या हिशेबात नगरकराला कुणी फसवू नये.

मास्तर म्हणाले, हे फाटे पुरे, मतदान घ्या. राजीनामा हवा, हात वर करा. चार हात. नको, तीन. मेडिकलवाल्यांनी हरकत घेतली की टपरीवाल्याचा हात चहा ओतायला वर होता, तो धरू नका. म्हणजे तीन-तीन. निर्णायक मत कंडक्टरकाकांचं.

तेवढ्यात एक बाई डोक्यावर बोचकं आणि काखेत पोर घेऊन आल्या. "राहुरीची गाडी इथं थांबती का हो?"

काका उठले. "इथं नाही बाई, तिकडं पुढं. चला." बोचकं त्यांनी आपल्या खांद्यावर घेतलं आणि मनमाड रोड ओलांडून ते पलीकडं गेले. आम्ही मत मोजायला थांबलो होतो. ते पाठमोरे, रस्त्याच्या कडेला, तारकपूरकडून येणाऱ्या लाल गाडीला हात वर करून उभे.

"झालं की, चार!" मास्तर ओरडले.