आप्पांचा घाणा

वस्तू विकत घेणारी माणसं वेगळी आणि वस्तू घ्यायच्या बेतात असणारी वेगळी. आप्पा दुसऱ्या वर्गातले, आणि त्यातही मुरलेले. लॉकडाउनमध्ये त्यांनी मोबाइलवर कुठल्याशा डॉक्टरचं भाषण ऐकलं आणि रिफाइंड तेलाला घरातून हद्दपार करायचं ठरवलं. तेव्हापासून आप्पा घरगुती तेलघाणा घेतायत. फोडणी अजून पिशवीतल्या रिफाइंडचीच आहे.

आप्पा गावोगावी असतात, पण टेंभुर्णीत जास्त जोमानं वाढतात. कारण भूगोल. पुणे-सोलापूर हायवे दारात, शिवाय करमाळा, अकलूज, पंढरपूर, कुर्डुवाडी, ज्या दिशेला तोंड कराल तिकडं रस्ता. ‘जरा बघून येतो’ म्हणायला चहूबाजूंनी वाव. मोशीचं किसान प्रदर्शन झालं, बारामतीचं कृषिक झालं, सोलापुरात कुठं मांडव पडला तर तेही झालं. प्रत्येक ठिकाणाहून आप्पा पिशवीभर माहितीपत्रकं आणि एक फुकटची टोपी घेऊन परत येतात. टोप्या शेतातल्या बुजगावण्याला पुरून उरल्या आहेत.

स्टॉलवर आप्पांना बघणं हा एक सोहळा असतो. आधी ते मशिनभोवती एक प्रदक्षिणा घालतात. मग खिशातून चुंबक काढतात. मशिनच्या अंगाला लावून बघतात आणि तो चिकटला नाही तर ‘तीनशे चार दिसतंय’ म्हणून मान डोलावतात. स्टीलमध्ये ३०४ चांगलं आणि २०२ हलकं, हे त्यांनी बरोबर ऐकलंय. फक्त २०२ लाही चुंबक फारसा धरत नाही, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. विक्रेते तर सांगणारच नाहीत.

दुसरं हत्यार म्हणजे घरातला तापाचा थर्मामीटर. तेल थंड पद्धतीनं निघतंय का ते तपासायला. एकदा त्यांनी तो नळीतून पडणाऱ्या धारेत धरला. थर्मामीटरची धाव माणसाच्या तापापुरती, तेल त्याच्या पुढं गेलेलं. पडद्यावर नुसतं ‘एच’ उमटलं. “आवं, हे तर तापलंय,” आप्पा म्हणाले आणि मशिन नापास.

खरं सांगायचं तर इथं आप्पांचा मुद्दा पक्का आहे. घरगुती मशिनमध्ये लाकडी घाण्यासारखं उखळ नसतं आणि लाटही नसते. आडव्या नळीत एक स्क्रू फिरतो, दाणे पुढं रेटतो, पुढं जागा कमी होत जाते, दाब वाढतो. तेल फटींतून खाली आणि पेंड टोकातून बाहेर. दाब आला की घर्षण आलं, घर्षण आलं की उष्णता आली. त्यात काही मशिनांना वर हीटरही असतो, कारण गरम केलं की तेल जास्त सुटतं. मग डब्यावर ‘कोल्ड प्रेस’ कशाला लिहायचं, हा आप्पांचा सवाल बिनतोड आहे. लाकडी घाणा मिनिटाला मोजके फेरे घेतो, म्हणून तेल कमी तापतं. पण तो स्वयंपाकघरात मावत नाही. तो ठेवायचा तर आप्पांना ओसरीत झोपावं लागेल.

मोटरवर आलं की आप्पा आणखी खुलतात. सिंगल फेजवर चालणारं छोटं मशिन त्यांना खेळण्यातलं वाटतं. “गिअरबॉक्स बघितला का? करडई टाकली की बसलं.” हेही खरं. करडईचं टरफल कठीण, तेल जेमतेम तीस टक्क्यांच्या आसपास. छोट्या मोटरचा जीव तिथं मेटाकुटीला येतो. म्हणून आप्पांना थ्री फेजचं मोठं मशिन हवं. थ्री फेज त्यांच्याकडं शेतात आहे, तीही पाळीपाळीनं आणि बरेचदा रात्रीची. म्हणजे मध्यरात्री उसात उभं राहून, डोक्याला बॅटरी बांधून, बिबट्याची चाहूल घेत घेत शुद्ध तेल काढायचं. आरोग्यासाठी माणूस काय करत नाही!

बरं, दाणे? आप्पांच्या रानात ऊस आणि केळी. उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं, पाणी आलं आणि या भागातल्या कितीतरी रानांतून ज्वारी-करडई हटली. त्यांच्या वडलांच्या काळी रब्बीच्या ज्वारीला कडेनं करडईची काटेरी ओळ असायची, म्हणजे जनावर आत शिरत नसे आणि कोवळ्या पानांची भाजीही व्हायची. घरची करडई घाण्यावर जायची, तेल आणि पेंड घरी यायची. त्या तेलाची चव आप्पांच्या जिभेवर अजून आहे आणि साऱ्या प्रकरणाचं मूळ, माझ्या मते, तो डॉक्टर नाही, ती चव आहे. पण आता तेलासाठी आप्पांना शेंगदाणे बाजारातून आणावे लागणार. बैलगाडी आहे, बैल विकत आणायचे आहेत, अशातला हा प्रकार.

अशी अडचण दाखवली की आप्पा थोरामोठ्यांना मधे घालतात. संताजी जगनाडे महाराजांचा व्यवसाय तेलाचाच, आणि त्यांनीच तुकोबांचे अभंग लिहून ठेवले. गांधीजींनी १९३४ मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघ काढला, तिथं मगनवाडीत कुमारप्पा आणि मंडळींनी बैलाचा घाणा सुधारायला घेतला. “एवढी मोठी माणसं घाण्यात लक्ष घालत होती, अन् तू मला वीज विचारतोस?” यावर काय बोलणार? मी विचारलं, “मग सरकारी योजनेतून घ्या की. सूक्ष्म अन्नप्रक्रियेला ३५ टक्के अनुदान आहे.” ते म्हणाले, “ते धंद्यासाठी. आपल्याला घरापुरतं पाहिजे.” लगेच थोडं थांबून, “धंदा केला तर?” झालं, आणखी दोन वर्षांची सोय झाली.

या सगळ्यावर काकूंनी एकदाच तोंड उघडलं. भाकरी थापत होत्या. “अवो, आपल्याला म्हैन्याला तेल लागतंय तीन लिटर. त्याला दाणे साताठ किलो. तुमचं मशिन तासाला पाच किलो काढतंय म्हणता. म्हंजी दीड तासाचं काम. फुडं तास-दोन तास त्याचा स्क्रू घासायचा, फटीतली पेंड काडीनं काढायची, ती कोण काढणार? अन् बाकीचे एकोणतीस दिवस त्याच्यावर कापड टाकून काय करायचं, पूजा?” मग खलबत्त्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, “शेंगाची चटणी कुटताना तेल सुटंस्तोवर कुटते, ते काय हीटर लावून?”

सोलापूरच्या शेंगा चटणीचा हा दाखला इतका अचूक होता की आप्पा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांना कळलं की दाण्यातल्या ओलाव्याचाही हिशेब असतो: फार ओले असले तर मशिन चोंदतं, फार वाळले तर भुगा होतो. आप्पा आता ओलावा मोजायचं यंत्र बघतायत.

त्यांच्याकडे बघून हसणाऱ्यांनी एवढं मान्य करावं की माणसाची माहिती खणखणीत आहे. ज्यांना घाणा खरंच घ्यायचा आहे त्यांनी आप्पांनाच गाठावं. ते सांगतील की स्वतःचे दाणे घेऊन जा आणि विक्रेत्यासमोर काढून बघा, किलोमागं चारशे ग्रॅमच्या आसपास तेल पडलं तर ठीक. स्क्रू आणि नळी सुटी करून धुता येते का बघा. सुटे भाग कुठं मिळतात ते आधी विचारा. बुरशी धरलेला एकही दाणा आत टाकू नका. तेल दोन-तीन दिवस निवळू द्या आणि दोन-तीन महिन्यांत संपवा, नाहीतर खवट होतं. आणि घरात चार-पाचच माणसं असतील तर मशिनच्या फंदात न पडता दाणे घेऊन घाण्यावर जा, पिळाई द्या, पेंड मागून घ्या. हा शेवटचा सल्ला आप्पा इतरांना न चुकता देतात. तुम्ही मात्र तो त्यांना उलट ऐकवायला जाऊ नका.