पारोसा

माणसं दोन प्रकारची असतात, अंघोळ झालेली आणि पारोशी. ही विभागणी आमच्या आईची आहे आणि तिच्यात अधलामधला प्रकार नाही. तोंड धुतलं, केस विंचरले, इस्त्रीचा शर्ट चढवला, तरी पारोसा तो पारोसाच. त्याने देव्हाऱ्याकडे फिरकायचं नाही आणि लोणच्याच्या बरणीला तर बोटही लावायचं नाही.

या परीक्षेत मी बावीस वर्षं नापास होतोय. मार्केट यार्डात पालेभाजीच्या एका गाळ्यावर मी दिवाणजी आहे. पालेभाजीच्या गाड्या रात्रीच लागायला लागतात, त्यामुळे तोंडावर पाणी मारून मी दोन वाजता घर सोडतो. जुड्या मोजायच्या, भाव लिहायचे, हमाली धरायची, शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी द्यायची, हे सगळं उरकून दहाला घरी, आणि मग अंघोळ. म्हणजे पुण्यातल्या कितीतरी सोवळ्या स्वयंपाकघरांत जाणाऱ्या कोथिंबिरीचा हिशेब एक पारोसा माणूस लिहितो. आईने हे कधी मान्य केलेलं नाही, पण पगाराकडे बघून सोडून दिलंय. तेव्हा घरात दुसरा पारोसा आला त्याचं खापर कोणावर फुटलं, हे सांगायला नको.

तो आला मेव्हण्याच्या कृपेने. त्याची बंगळूरला बदली झाली आणि नव्या घरमालकाला पक्षी चालत नव्हता. एका रविवारी मेव्हणा पिंजरा घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, कॉकटेल आणलंय."

"आमच्या घरात असलं काही चालत नाही," आई आतून म्हणाली.

त्या पक्ष्याचं खरं नाव कॉकॅटिल. पण पक्षी विकणारे, घेणारे आणि त्यांचे शेजारी, सगळे त्याला कॉकटेलच म्हणतात. आईची समजूत काढायला अर्धा तास गेला, आणि मग तिचा दुसरा प्रश्न आला: "हा कसला पोपट? हिरवा नाही, चोच लाल नाही, मिरची खात नाही." तिच्या माहेरच्या वाड्यात दिंडी दरवाजाशी हिरवा मिठू टांगलेला असे. आता तसला मिठू घरात ठेवला तर तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा होतो, आपला देशी पोपट पाळायचाही नाही आणि विकायचाही नाही, हे मी तिला सांगितलं. "म्हणजे आपला तो गुन्हा आणि परका तो पाहुणा," ती म्हणाली. कायद्याचं इतकं थोडक्यात भाषांतर मी कुठे वाचलेलं नाही. माझं मत विचाराल तर कायदा बरोबर आहे, हिरवा पोपट झाडावरच शोभतो. पण ते आईसमोर बोलायची ती वेळ नव्हती.

तर हा पाहुणा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला, काकाकुव्याच्या कुळातला, आणि त्या कुळात अंगाने सगळ्यांत लहान. अंग राखाडी, तोंड हळद लावल्यासारखं पिवळं, दोन्ही गालांवर शेंदराचे ठिपके, डोक्यावर तुरा. पिंजऱ्यातून बाहेर काढल्याबरोबर तो माझ्या हिशेबाच्या वहीवर जाऊन बसला आणि तुरा ताठ करून आकड्यांकडे बघायला लागला. गाळ्याचे मालक असेच बघतात. नाव तिथेच पडलं: शेठ. आणि शेठ म्हटल्यावर एकेरी कसं बोलणार? "शेठ जेवले का?" "शेठ रागावलेत." घरात माझ्यासाठी हे अनेकवचन कधी कोणी वापरलेलं नव्हतं.

पंधरा दिवसांत घरभर पांढरी पूड दिसायला लागली. फ्रिजवर, टीव्हीवर, मुलीच्या आठवीच्या भूगोलावर. पिठाचा डबा कोण उघडा टाकतं म्हणून आईने सुनेकडे बघितलं, सुनेने माझ्याकडे बघितलं. पूड शेठची निघाली. या जातीच्या अंगावर काही खास पिसं असतात, ती टोकाला झडत राहतात आणि त्यांचा बारीक भुगा होतो. पक्षी तोच भुगा चोचीने अंगभर सारवतो, त्याने पिसं नीट राहतात. म्हणजे शेठ स्वतःची पावडर स्वतःच तयार करत होते. पण ती आईच्या घशात जाऊन खोकला सुरू झाला आणि घरात ठराव झाला, शेठना अंघोळ घालायची.

घालायची, हीच चूक होती. ते कळायला दोन महिने गेले, आणि घरात पोपट एकच आला असला तरी त्या काळात माझा किती वेळा झाला त्याची मोजदाद नाही.

पहिल्या दिवशी मी कोमट पाण्याचा तांब्या घेतला. लहानपणी आईने मला जशी अंघोळ घातली, तशीच मी शेठना घालायला गेलो: एका हाताने धरायचं, दुसऱ्याने ओतायचं. पाणी पाठीवर पडताच शेठनी तुरा डोक्याला चिकटवला, सापासारखा फुत्कार टाकला आणि माझ्या अंगठ्यावर चोच चालवली. मग सुटून पडद्याच्या दांडीवर. तिथून दोन दिवस खाली आले ते फक्त जेवायला, आणि तेही माझी पाठ असताना.

दुसरा प्रयोग फवाऱ्याचा. कपड्यांच्या इस्त्रीची बाटली होती, ती घेऊन मी समोर उभा राहिलो आणि थेट तोंडावर फुस्स. काय झालं ते लिहीत नाही. इतकंच सांगतो, की त्यानंतर शेठ बाटलीलाच नाही, तर बाटलीच्या रंगाच्या माझ्या निळ्या शर्टालाही घाबरायला लागले.

मग पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. बरोबर आई होती, तिची यादी तयार होती: उटणं चालेल का, शिकेकाई चालेल का, अंघोळीआधी थोडं खोबरेल? डॉक्टर म्हणाले, साबण नाही, शांपू नाही, आणि तेल तर थेंबभरही नाही. तेलाने पिसं चिकटली की पक्ष्याला ऊब धरता येत नाही. साधं पाणी, तेही सकाळी, म्हणजे रात्रीआधी अंग वाळतं. फवारा मारायचाच तर वर हवेत मारा, पाणी भुरभुर पावसासारखं खाली यायला हवं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्यांना अंघोळ घालू नका, त्यांना करू द्या. आणि घरात नॉनस्टिकचा तवा असेल तर तो काढा, फार तापला तर त्याच्या धुराने पक्षी मरतो. बायकोने त्याच दिवशी तवा माळ्यावर टाकला. आईला तो तवा कधीच पसंत नव्हता, त्यामुळे शेठना घरात पहिला मित्र मिळाला.

पुढची सूत्रं मुलीने हाती घेतली. पसरट ताटलीत बोटभर पाणी. पहिल्या दिवशी ताटली खोलीच्या त्या टोकाला, मग रोज वीतभर जवळ. शेठनी ताटलीकडे नुसतं बघितलं तरी बक्षीस म्हणून राळ्याचे चार दाणे. राळे मी भुसार विभागातून पाव किलो आणले, तेव्हा दुकानदाराने उपवास कोणता म्हणून विचारलं. आठवड्याभरात शेठ ताटलीच्या काठावर बसायला लागले. काठावर बसायचं, राळे घ्यायचे, एक घोट पाणी प्यायचं आणि निघायचं. आत पाय नाही. फळं-भाजीपाल्याची आडत, म्हणजे दलाली, 2016 पासून शेतकऱ्याकडून घेत नाहीत, खरेदीदाराकडून घेतात. शेठनी ती माझ्याकडून घेतली, मालाचा पत्ता नसताना.

त्यातच फोनचा प्रकार घडला. सकाळी आठची वेळ, गाळ्यावर गर्दी, माझ्या हातात पट्टीपुस्तक. बायकोचा फोन आला म्हणून मी तो स्पीकरवर टाकला. "अहो, शेठ आजही पारोसेच बसलेत," ती म्हणाली. "पाण्यात नुसतं तोंड बुडवतात आणि माझ्याकडे बघून शिट्टी मारतात."

शेजारच्या गादीवर आमचे खरे शेठ चहा पीत होते. कप वाटेतच थांबला. डोक्यावर मेथीचं गाठोडं घेतलेले हमाल मामा जिथल्या तिथे उभे राहिले. बाजारात इतकी शांतता मी फक्त शनिवारच्या सुट्टीत ऐकली आहे.

"मी पहाटे तीनला अंघोळ करून निघतो," शेठ सावकाश म्हणाले. "आणि शिट्टीचं मला काही माहीत नाही."

खुलासा केला, फोटो दाखवला, पण उशीर झाला होता. दहाच्या आत बातमी कांदा-बटाट्यापर्यंत पोहोचली. पुढे महिनाभर गल्लीतला प्रत्येक हमाल माझ्याजवळून जाताना आवाज खाली करून विचारायचा, "दिवाणजी, शेठची झाली का?"

शिट्टीचं मात्र खरं होतं. शेठ कुकरची शिट्टी हुबेहूब काढायला शिकले होते. आई तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद करायची. त्यांतली एक शेठची असायची. आमच्या घरी तूरडाळ बरेच दिवस बोटचेपी लागत होती ती यामुळे.

आणि मग तो रविवार आला. रविवारी बाजाराची आवक सगळ्यांत मोठी. कोथिंबीर लाख जुड्यांच्या वर येते, त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. मी मेथीच्या दोन जुड्या पिशवीत टाकून घरी आलो. पालेभाजी सुकू नये म्हणून गाळ्यावर पाणी मारत असतात, त्यामुळे जुड्या चांगल्या ओल्या होत्या. बायकोने एक धुऊन टेबलावरच्या चाळणीत निथळत ठेवली. शेठ पिंजऱ्याच्या छपरावर होते.

ते उतरले. चाळणीभोवती एक फेरी मारली. एक पान ओढून पाहिलं, टाकलं. मग मान तिरकी करून गाल पानांना घासला, एकदा, दोनदा. आणि एकाएकी छातीने आत घुसले. पंख पसरले, शेपटी पंख्यासारखी उघडली, डोकं पानांखाली घालून वर काढलं, एका कुशीवर पडले, मग दुसऱ्या. अंगावरची सगळी पिसं फुगलेली, तुरा भिजून मागे चिकटलेला, गालावरचा शेंदूर पाण्याने आणखी गडद. मधूनच थांबून आमच्याकडे बघायचे, आम्ही अजून उभे का आहोत असं, आणि पुन्हा मेथीत. शेवटी बाहेर येऊन त्यांनी पिसं अशी झटकली, की माझ्या चष्म्यावर, दुधाच्या पातेल्यावर आणि आईच्या जपमाळेवर तुषार आले. आम्ही चौघं तोंडात बोट घालून उभे. आई हळूच म्हणाली, "झाली गं बाई एकदाची."

नंतर सगळं सरळ वाटलं. कोरड्या मुलखातल्या पक्ष्याला तांब्या-बादली कुठून माहीत असणार? पावसाची सर आली की हे पक्षी फांदीला उलटे लटकून पंख उघडतात, दव पडलं की ओल्या पानांत अंग घासतात. आम्ही दोन महिने त्यांना न्हाणीघर दाखवत होतो आणि त्यांना हवं होतं शेत. शेत माझ्या गाळ्यावर रोज रात्री ट्रकमधून उतरत होतं.

आता रोजची एक जुडी शेठच्या नावावर. फवारणीचं औषध पोटात जाऊ नये म्हणून ती तीन पाण्यांतून निघते, आमची दोनच पाण्यांतून. पालेभाजीचे भाव शेकड्यावर निघतात. मेथी कडाडली की शेठना कोथिंबिरीत न्हावं लागतं आणि त्या दिवशी ते जरा कुरकुर करतात. उलट आवक फुगली आणि भाव पडले की जुडीला कोणी विचारत नाही. शेतकरी गाडीभाड्याचा हिशेब करत गाळ्याच्या पायरीवर बसलेला असतो, ढीग तिथेच पडलेला असतो. तसल्या दिवशी जुडी फुकट मिळते, पण मी ती विकतच घेतो.

आईला हिशेबाची वेगळीच बाजू आवडली आहे. महापालिकेचं पाणी गुरुवारी बंद असलं की सोसायटीत बोंब होते, शेठचं मात्र वाटीभर पाण्यात भागतं. पाणी वाचवायला आठवड्यातून एक दिवस अंघोळ टाळा, अशी 'अंघोळीची गोळी' नावाची मोहीम पुण्यात निघाली होती. मी ती घरात मांडून पाहिली होती. आईने मला जेवायला वाढलं नव्हतं. आता ती शेजारणीला सांगते, "आमचा शेठ भाजीच्या ओलीवर न्हातो हो, आणि रोज न्हातो." हे सांगताना ती माझ्याकडे बघते. दहाला मी जुडी घेऊन आलो की आधी शेठची अंघोळ आटोपते, मग माझी. घरातला क्रम आता ठरलेला आहे: आई, बायको, मुलगी, शेठ, मी.

फक्त शनिवारी बाजार बंद असतो. शुक्रवारची शिळी जुडी शेठ बघतही नाहीत, आणि मी आठवड्याची झोप काढत असतो. त्या दिवशी दुपारी बारापर्यंत घरात दोन पारोसे असतात, आणि लोणच्याची बरणी वरच्या फळीवर असते.