जरा धर

दादरहून सुटणारी तुतारी एक्स्प्रेस रात्री बारा वाजून काही मिनिटांनी निघते. माणूस म्हणतो, शुक्रवारी रात्री निघू, आणि शुक्रवारचं तिकीट काढतो. मग शुक्रवारी रात्री साडेअकराला बॅगा घेऊन फलाटावर पोचल्यावर त्याला कळतं, की आपली गाडी काल रात्री, म्हणजे आज पहाटे, म्हणजे जे काय असेल ते, केव्हाच गेली. मागच्या वर्षी मी असाच दादरहून घरी परतलो होतो. बायकोने दार उघडून "झालं कोकण?" एवढंच विचारलं. यंदा मी शनिवारचं तिकीट काढलं आणि शुक्रवारी रात्री योग्य गाडीत योग्य बर्थवर जाऊन पडलो. या प्रवासातलं माझ्या मनासारखं झालेलं हे पहिलं आणि शेवटचं काम.

गाडीचं नाव केशवसुतांच्या कवितेवरून आलंय. केशवसुत 1866 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडला जन्मले आणि त्यांनी 'तुतारी' लिहिली ती झोपलेल्या समाजाला जागं करायला. त्या नावाच्या गाडीत पनवेलनंतर एक माणूस जागा नव्हता. मला जाग आली ती एकदम काळोख आणि खडखडाट वाढल्यावर. समोरचे आजोबा बॅग खांद्याला लावून तयार. "उठा, करबुड्याचा बोगदा," ते म्हणाले. साडेसहा किलोमीटरचा हा बोगदा. काश्मीरात पीर पंजालचा होईपर्यंत देशातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा हाच होता. तो संपेपर्यंत माझे दात घासून झाले.

माझा बेत पक्का होता. मोबाइलमध्ये यादी होती: थिबा पॅलेस, लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान, रत्नदुर्ग, भाट्याचा किनारा. उरलेला वेळ काकांच्या आगरात, दोन माडांच्या मध्ये बांधलेल्या जाळीच्या झोपाळ्यात पडून काढायचा. झोपाळा नवा कोरा, खास या दोन दिवसांसाठी घेतलेला. दोन माणसांचं वजन पेलतो असं त्याच्या पिशवीवर छापलं होतं.

काकांचं घर पावसच्या रस्त्याला, भाट्याची खाडी ओलांडल्यावर पुढे एका वाडीत आहे. रस्त्यावरून जांभ्याची पाखाडी उतरून खाली जायचं. एसटीतून उतरलो तर काका नाक्यावर उभे. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस पुतण्याला घ्यायला वर चढून आला, या विचाराने मी हळवा झालो. वाकून नमस्कार करायला गेलो, तेवढ्यात त्यांनी दुकानाच्या फळीमागून पाइपाचं एक भलं मोठं वेटोळं ओढून काढलं.

"आलास? जरा धर."

हा पहिला 'जरा'. पुढच्या दोन दिवसांत मला या शब्दाचा अर्थ नव्याने शिकावा लागला. मुंबईत 'जरा' म्हणजे पाच मिनिटं. 'जरा सरका' म्हटलं की लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धं ढुंगण टेकतं आणि विषय संपतो. काकांचा एक जरा सरासरी पावणेदोन तासांचा भरतो, आणि तो संपायच्या आत दुसऱ्याचं तोंड फुटलेलं असतं.

पाइप खाली नेला. चहा झाला. कप खाली ठेवतोय तोच, "वीज आहे तोवर जरा पाटाचं पाणी बघ."

पोफळींना पाणी देणं हे लांबून फार रम्य दिसतं. विहिरीवरचा पंप सुरू होतो, पाणी डोणीतून पाटात येतं आणि पाटातून एकेका पोफळीच्या आळ्यात फिरवायचं असतं. एक आळं भरलं की त्याचं तोंड मातीने बंद करायचं, पुढचं उघडायचं. काका हे काम कमरेवर हात ठेवून करतात. टाचेने माती ओढली की तोंड बंद, खोऱ्याचा एक फटका की पुढचं उघडं. मी तोंड बंद केलं तर पाणी वरून गेलं. वर भर घातली तर खालून गेलं. खाली-वर दोन्हीकडे बंदोबस्त केला, तेव्हा ते बाजूने माझी चप्पल घेऊन गेलं. शेजारच्या आगरातून एक वयस्कर बाई ती चप्पल बोटाला अडकवून घेऊन आल्या. "मुंबईची ना ही?" त्यांनी विचारलं. चपलेवर तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"शिंच्या, पाणी आपल्या झाडांना घालायचंय," काका म्हणाले. तेवढ्यात वीज गेली आणि मी महावितरणचे मनापासून आभार मानले.

पण वीज नसली की शिडीला अडचण नसते. कौलं बघायची होती. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला प्रत्येक थेंब फुटक्या कौलाचा पत्ता काढत येतो. कौलं फोडायचं कंत्राट वानरांकडे आहे. फणसावरून आंब्यावर जाताना मधे आपलं घर लागतं, एवढाच त्यांचा दृष्टिकोन. बांबूची शिडी अठरा पायऱ्यांची, त्यात अकरावी नव्हती. काका ती न बघता ओलांडून वर गेले. मी खाली शिडी धरून. मग "जरा कौल दे वर" सुरू झालं. एका हाताने शिडी धरायची आणि दुसऱ्या हाताने मंगलोरी कौल डोक्याच्या वर उचलून द्यायचं, हे एका माणसाचं काम नाही, पण आम्ही दोघे मिळून दीडच होतो. सदतीस कौलं झाली. फणसावर वानरांचा कळप बसून काम बघत होता. आम्ही शिडी काढून पडवीत टेकलो, तसे ते उतरून पाहणीला आले. आता पस्तीस शाबूत आहेत.

दुपारी तरी पडू, म्हणून झोपाळा बाहेर काढला. काका त्याच्याकडे पाहून म्हणाले, "जाळी चांगली चिवट आहे." त्या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

काकू जास्त प्रेमळ. त्या म्हणाल्या, "दमलास रे. आता काही करू नकोस, निवांत बस. बसल्या बसल्या जरा एवढे रातांबे फोड." एवढे म्हणजे दोन हारे. रातांबा मधोमध कापायचा, बिया काढायच्या, सालं वेगळी. बियांभोवतीच्या गराच्या रसात मीठ घालून त्यात सालं बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. अशी चार-पाच पुटं चढली की आमसूल होतं. बियासुद्धा वाया जात नाहीत, त्यांचं मुठेल होतं आणि ते थंडीत फुटलेल्या टाचांना लागतं. ही सगळी माहिती मला पहिल्या शंभर रातांब्यांत मिळाली. उरलेल्या शेकड्यांत नवी काही मिळाली नाही. बोटं मात्र जांभळी झाली, ती पुढच्या बुधवारपर्यंत. ऑफिसात एकाने काळजीच्या सुरात 'डॉक्टरला दाखवलंस का?' असं विचारलं.

उन्हं कलल्यावर आंबे. मे संपत आला होता, झाडावर शेवटचे राहिलेले. बागेत एक नेपाळी राखणदार आहे. रत्नागिरीच्या आंबा बागांत आता हंगामभर नेपाळी माणसं राखणीला असतात आणि दोन-तीन हंगामांत इथली भाषा माझ्यापेक्षा चांगली बोलायला लागतात. त्याने माझ्या हातात झेला दिला. झेला म्हणजे लांब काठीच्या टोकाला जाळी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'नूतन झेल्या'ला पातंही असतं. आंबा देठासकट कापला जाऊन जाळीत पडायला हवा, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि फळावर डाग पडतो.

"चौदा आणे झालेला बघून काढा," राखणदार म्हणाला.

हापूस चौदा आणे तयार झाला की उतरवायचा आणि उरलेले दोन आणे अढीत, पेंढ्यावर पिकवायचे. झाडावरच सोळा आणे होऊ दिला तर आत साका धरायची भीती. मी मान वर करून बघत राहिलो. मला सगळे आंबे सारखेच, साधारण एक रुपयाचे दिसत होते. तीन काढले. एक दहा आणे निघाला, एकाचा देठ तुटला, एक माझ्या खांद्यावर पडून अढीत न जाता थेट पिकला.

"डेख ठेवायचं, दादा," तो समजुतीने म्हणाला. कोकणच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. माझं मानांकन त्याने तिथल्या तिथे केलं: "तुम्ही खाली पाटी धरा."

रात्री जेवणं झाल्यावर काकांनी पेटी काढली. अखेर छंद! मी पडवीत भिंतीला टेकून डोळे मिटले. काकांनी एक नाट्यपद सुरू केलं, पहिलीच ओळ संपायच्या आत माझ्या मांडीवर काहीतरी थंडगार येऊन पडलं. "नुसता बसू नकोस, जरा टाळ धर." साडेअकरापर्यंत मी टाळ धरले. ठेका कुठे चुकला हे काका न सांगता, फक्त भुवई उचलून दाखवत. मी इतका चुकलो, की शेवटी त्यांची भुवई वरच राहिली.

पाणी प्यायला माजघरात गेलो तर भिंतीवर कालनिर्णय. काकांचा दुसरा छंद हा. प्रत्येक तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलेलं: विहिरीला पाणी किती हात, नारळ किती पाडले, परड्यात फुरसं दिसलं. बॅटरी लावून वाचत गेलो. मार्चच्या एका चौकटीत 'कौलं' लिहून पुढे बाण. बाण पुढच्या आठवड्यात, तिथे पुन्हा 'कौलं' आणि पुन्हा बाण. एप्रिलमध्ये बाणात 'पाइप' सामील झाला, मग 'लाकडं', मग 'टाकी झाकण'. आजच्या चौकटीत बाण नव्हता. माझं नाव होतं आणि खाली सगळी यादी, एकाखाली एक.

काकू मागे येऊन उभ्या होत्या. "एकट्याची कामं ते करतातच रे," त्या म्हणाल्या. "दोघांची राहतात."

या घरात पूर्वी पंगतीला बारा पानं असत. तेव्हा शिडी धरायला माणूस शोधावा लागत नसे. वर चढणाऱ्यापेक्षा खालून सल्ला देणारेच जास्त असत.

रविवारी सकाळी मी स्वतःहून विचारलं, "काका, लाकडं कुठली आत घ्यायची?" थिबा पॅलेस राहिला. पण थिबा राजाबद्दल त्या दिवशी मी बराच विचार केला. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवलं. तो राजवाडा त्याला 1910 साली मिळाला आणि 1916 साली तो इथेच वारला. तीस वर्षं! रत्नागिरीत तीस वर्षं बिनकामाची काढलेला हा बहुधा एकमेव माणूस. त्याचं कारण उघड आहे: त्याला इथे काका नव्हते. पुढे 1924 पासून 1937 पर्यंत सावरकर याच जिल्ह्यात स्थानबद्ध होते. त्यांना जिल्ह्याबाहेर जायची बंदी होती. मला लाकडांच्या खोपीबाहेर जायची.

दुपारी नारळ सोलले. जमिनीत रोवलेल्या पहारेच्या टोकावर नारळ दाबायचा, पिळायचा, सोडण सुटतं. काका मिनिटाला दोन. माझा पहिला नारळ अकरा मिनिटांत सुटला आणि त्या आनंदात मी तो हवेत उंच धरला. काका म्हणाले, "छान. तो फुटलाय, संध्याकाळच्या आमटीला घे." सोडणं पाणचुलीकडे रचली. टाकीचं झाकण दोघांनी मिळून बसवलं. ते काम खरोखरच पाच मिनिटांचं होतं. काकांना ते एप्रिलपासून छळत होतं.

रात्रीच्या गाडीसाठी निघालो तेव्हा ओटीवर माझं सामान वाढलेलं दिसलं. वीस नारळ, आमसुलांची बरणी, आगळाची बाटली, पेंढ्यात बसवलेले तीन डझन आंबे आणि एक फणस. फणस माझ्या नव्या झोपाळ्यात करकचून बांधला होता. पिशवीवर छापलेलं खरं निघालं. दोन माणसांचं वजन त्याने आरामात पेललं.

काका नाक्यापर्यंत चढून आले. फणस त्यांनीच आणला. रिक्षा आली, मी आत बसलो, त्यांनी फणस माझ्या मांडीवर ठेवला. "जरा धर," म्हणाले आणि वळून पाखाडी उतरायला लागले.

आता वाचकांसाठी एक व्यावहारिक सूचना. पाऊस साधारण 7 जूनच्या सुमारास रत्नागिरीत येतो आणि काकांची अर्धी लाकडं अजून बाहेर आहेत. तुमच्यापैकी कोणी मधल्या शनिवार-रविवारी तिकडे जाणार असेल, तर मला कळवा, पत्ता देतो. गाडीची तारीख मात्र नीट बघून तिकीट काढा. बाकी काम काही फार नाही, जरा आहे.