पुडीला सगळे माफ

पोलादपूरच्या एसटी स्टँडजवळच्या दुकानांत शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकत असतात. वाडीवर परतणारी बाई गाडी लागायच्या आत दोन पुड्या तोडून घेते. पुडीत काय आहे हे तिला कळलेच पाहिजे, असा कायद्याचा आग्रह नाही. सौंदर्यप्रसाधन नियम, 2020 सांगतात की घटकांची यादी वेष्टनावर छापा, एक टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहा. पण द्रव माल 60 मिलिलिटरपेक्षा किंवा घट्ट माल 30 ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर यादी नको. कंपनीने छापली तर ती तिची मर्जी! आवेष्टित वस्तूंचे 2011 चे वैधमापन नियम तर 10 मिलिलिटरपर्यंतच्या पुडीकडे पाहतही नाहीत.

म्हणजे सोडियम लॉरेथ सल्फेट वाचण्याचा मान बाटलीवाल्यांचा. पुडीवालीचे केस बहुधा नुसत्या फेसावर भागत असावेत.

महाडकरांची तऱ्हा आणखी न्यारी. इथल्या एमआयडीसीत प्रिवी कंपनीच्या कारखान्यात डायहायड्रोमिर्सेनॉल तयार होते. साबणाला लिंबू-लव्हेंडरचा ताजा वास देणारे हे रसायन पाइनच्या टर्पेंटाइनपासून बनते आणि देशोदेशी जाते. साबणाच्या यादीत मात्र असले सगळे वास ‘परफ्यूम’ या एका शब्दात उरकतात. उत्पादकाने नाव, पत्ता, परवाना क्रमांक सगळे छापायचे. वासाला कुळ-गोत्र कोणी विचारत नाही. युरोपीय लोक चौकस. तिथे 26 सुगंधी घटकांची नावे आधीपासूनच द्यावी लागत. 2023 च्या नियमाने ही यादी 80 च्या वर नेली आणि नव्या मालासाठी 31 जुलै 2026 ही मुदत घातली. पॅरिसच्या बाईला खाज कशाने सुटली, याचा माग काढता येईल. इथल्या बिरवाडीच्या बाईने कैलासजीवन लावावे.

मराठीला मात्र एक जागा राखीव आहे. केसांच्या डायवरचा इशारा इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही सक्तीचा आहे: त्वचेची आग होऊ शकते, आधी चाचणी घ्या, भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपण येईल. ऑक्टोबर 2024 मध्ये अभिजात ठरलेल्या भाषेची प्रसाधनांच्या वेष्टनावरची सक्तीची हजेरी एवढीच. चमक, फेस, सुगंध इंग्रजीकडे, आंधळेपण आमच्याकडे.

तोही इशारा वाचणार कोण? सलूनमध्ये गिऱ्हाईक खुर्चीत टेकेपर्यंत डाय वाटीत कालवून तयार असतो. चाचणीसाठी किमान 24 तास थांबा, असे पाकिटातला कागद सांगतो, आणि गिऱ्हाइकाला संध्याकाळच्या हळदीला काळ्याभोर मिशांनी उभे राहायचे असते.