कैलासवासी भाडेकरूस खुले पत्र

तीर्थरूप आप्पांस,
डोंबिवलीहून नातवाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र खुलं ठेवलंय, कारण पाकिटावर घालायचा तुमचा पत्ता भाडेपावतीवर अजून आमचाच आहे. 2003 साली तुम्ही गेलात, पाठोपाठ मालकही गेले. तरी दरमहा कैलासवासी भाडेकरू कैलासवासी मालकाला 18 रुपये देतो आणि रीतसर पावती घेतो. एवढा चोख व्यवहार जिवंत माणसांत मी तरी पाहिलेला नाही.

आई वीस वर्षं म्हणतेय, पावतीवर आता माझं नाव चढवा. मालकाचे चिरंजीव म्हणतात, ‘चढवू की, काहीतरी बघा.’ हे ‘काहीतरी’ दर गणपतीला वाढतं. 1964 साली आजीच्या पाटल्या मोडून तुम्ही पागडी दिलीत, तेव्हा ती घेणं 1947च्या कायद्याने गुन्हा होता, म्हणून तिची पावतीच नाही. 31 मार्च 2000 पासून पागडी कायदेशीर झाली. पाटल्या तेवढ्या बेकायदा गेल्या.

खरी गंमत पुढेच आहे. 1999चा भाडे नियंत्रण कायदा म्हणतो, भाडेकरू वारताना जो कुटुंबीय त्याच्यासोबत राहत असेल, तो पुढचा भाडेकरू. तसा कोणी नसेल तर वारस, आणि एकमत नसेल तर कोर्ट ठरवील. परवा बिल्डर जिन्याची मापं घेऊन गेला आणि सगळ्यांची स्मरणशक्ती एकदम सुधारली. काका म्हणतात, ठाण्याचा फ्लॅट नुसता कपडे ठेवायला होता. कल्याणची आत्या 1978ला सासरी गेली असं आम्ही समजत होतो; ती म्हणते, माहेरपण संपलंच नव्हतं. न्यू जर्सीच्या दादाचं मन म्हणे कायम इथेच होतं. सगळी प्रतिज्ञापत्रं खरी मानली, तर तुम्ही गेलात त्या रात्री आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत 11 माणसं झोपली होती. मला तीन आठवतात : तुम्ही, आई आणि मोरीकडे पाय करून मी. तुम्हीच सांगा, बाकीच्यांना पांघरुणं कुणी दिली?

मालकाचीही कीव येते हो. कायद्याने त्याला वर्षाला 4 टक्के वाढ घेता येते. 18 रुपयांवर ती होते 72 पैसे. त्यात तो गळकं छप्पर काय शाकारणार? मुंबई शहरात जुन्या इमारतींवर उपकर आहे, दुरुस्ती मंडळ आहे. शीव-माहीम ओलांडलं की पागडी तीच, मंडळ मात्र नाही. 2015 साली ठाकुर्लीची ‘मातृकृपा’ इमारत पडली, बरोबर आठवड्याने नौपाड्याची ‘कृष्णा निवास’. तेव्हापासून पावसात रात्री पोपडा पडला की आई आधी पावत्यांचा डबा उचलते, मग मला उठवते.

आपली चाळ आता ‘सी-1’, म्हणजे अतिधोकादायक. पालिकेची नोटीस आली आहे, तीही तुमच्याच नावाने : खोली तात्काळ रिकामी करावी. अख्ख्या चाळीत हा हुकूम पाळलेले तुम्ही एकटेच.

आपला,
सहनिवासी (वादग्रस्त)