वास : सुसह्य

शहराचं सांडपाणी शुद्ध करून कालव्यात सोडायचं नि त्यावर शेती करायची, हे कितपत शाश्वत, याचं मूल्यमापन करायला परवा एक पोरगा आमच्या मामांच्या बांधावर आला. टॅबमध्ये 42 प्रश्न. सतरावा : पाण्याचा वास. पर्याय : नाही, सौम्य, सुसह्य.

"कोणता टाकू, मामा?" त्याने विचारलं. नाक चिमटीत धरलेलं, त्यामुळे "बाबा" असं ऐकू आलं.

"चौथा नाही का?" मामा म्हणाले. नव्हता. आणि उत्तर दिल्याशिवाय अठरावा प्रश्न उघडत नव्हता. झालं सुसह्य.

आता वासाला आकडा लावणं अवघडच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातही तो 'स्वीकारार्ह' हवा, एवढंच आहे. कुणाच्या नाकाला, ते लिहायचं राहून गेलंय. तेव्हा एक नासिका समिती नेमावी. अध्यक्ष जुनाट सर्दीचे, सचिव अत्तराचे शौकीन, तिसरे सदस्य पदसिद्ध, म्हणजे त्यांचं नाक पदाबरोबर येतं नि बदलीबरोबर जातं. पाहणी ऑगस्टात, धरणातून विसर्ग सुरू असताना. तेव्हा कुठल्याही नदीचा वास सौम्यच असतो. मे महिन्यात कालव्यावरचा फेस वाऱ्याने उडून उसावर बसतो, तेव्हा समिती इस्रायलला अभ्यासदौऱ्यावर.

तिथे 80 टक्क्यांहून जास्त सांडपाणी खरोखर शुद्ध होऊन शेतीला जातं. वर नत्र-स्फुरद फुकट. पाण्याला नावं ठेवायचं कारणच नाही, यंत्रं चालवायला हवीत. आमच्या सोसायटीच्या तळघरातही एक शुद्धीकरण यंत्र आहे. तपासनीस येणार असले की ते चालतं. एरवी वीजबिल परवडत नाही, वॉचमन त्यावर चड्ड्या वाळत घालतो. धरणाचं चांगलं पाणी आधी आम्ही प्यायचं, त्यात गाड्या धुवायच्या, मग तेच शेतकऱ्याला धाडायचं आणि पाणीपट्टीही त्याच्याकडूनच घ्यायची! आमच्या कपड्यांच्या पावडरीतलं सोडियम त्याच्या काळ्या रानात साचतं, माती चोपण होते, पाणी मुरायचं थांबतं, आणि जिप्समची पोती पदरमोड करून आणायची त्याने. कच्च्या खायच्या भाजीपाल्यासाठी 1989 च्या जागतिक निकषात 100 मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य जिवाणू 1000 च्या वर नकोत; मामांची कोथिंबीर पहाटे आमच्याच मंडईत येते, आणि आम्ही ती पोह्यांवर पेरतो. त्या 42 प्रश्नांत माती नाही, जिवाणू नाहीत. चाळिसावा मात्र 'आपण समाधानी आहात का?' असा आहे. पर्याय दोन. होय, आणि खूप.

शेवटी लाभार्थ्याचा कालव्यासोबत फोटो. फोटोला दोन्ही हात लागतात, म्हणून नाक सोडावं लागलं. पोराने श्वास रोखून फोटो काढला. हलला. पुन्हा काढला. तिसऱ्या वेळी टॅब मामांच्या हातात कोंबून तो रस्त्याकडे पळाला. मामांचं बोट नेमकं तेव्हाच पडद्यावर पडलं.

लाभार्थी म्हणून अहवालात त्या पोराची पाठ आहे.